वेगांत अडखळणारें इंजिन

वरवट बकालच्या एका निवृत्त शिक्षकानें होडीच्या इंजिनावर भाषण करावें, हें ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं येईल. आमचें गांव सातपुड्याच्या पायथ्याकडील, पूर्णेच्या खोऱ्यांतलें. कपाशी, तूर आणि हरभरा हे आमचे सोबती. समुद्र शेंकडों किलोमीटर दूर. पाण्याची आठवण आम्हांस व्हावयाची ती बहुधा त्याच्या टंचाईमुळें. परंतु २२ जुलै २०२३ रोजीं संग्रामपूर व जळगांव जामोद या आमच्या दोन तालुक्यांत असा पाऊस कोसळला कीं, नदीनाल्यांनीं मर्यादा सोडली, शेतें खरवडून गेलीं आणि अनेक गांवांचा संपर्क तुटला. होडी ही केवळ कोंकणची वस्तु नव्हे, हें त्या दिवशीं आम्हांस कळलें.

पुढें माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें चार मित्रांच्या साह्यानें वापरलेली एक रबरी होडी व तिच्या मागें अडकवावयाचें इंजिन विकत घेतलें. नॉर्वेंत जन्मलेल्या व अमेरिकेंत वाढलेल्या ओले इव्हिन्रूड यानें १९०९ च्या सुमारास अशा इंजिनांचा धंदा सुरू केला. तेव्हांपासून इंजिन, दांडा आणि पंखा एकाच सांगाड्यांत बसविण्याची ही रीत जगभर रूढ झाली. पावसाळ्यापूर्वीं गांवकऱ्यांसमोर होडी पाण्यांत सोडावयाची, नारळ फोडावयाचा, असें ठरलें. समारंभास आठ दिवस राहिले असतां तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, हळू नेली तं कांहींच नाहीं, जोर लावला कां मिस मारते."

तोंवर त्यानें काय काय केलें होतें? एका कारागिराकडून नवे प्लग, नवी कॉइल, कार्बोरेटरची सफाई, हें सारें एकाच दिवशीं करवून घेतलें होतें. पैसे गेले, दोष मात्र तसाच राहिला. आणि समजा, दोष गेला असता, तरी तो कशानें गेला हें कोणास सांगतां आलें असतें? गणितांत चार पायऱ्या एकदम खोडून उत्तर जुळविणाऱ्या मुलास मी जें सांगत असें, तेंच मीं त्यालाहि सांगितलें : "बाबा रे, एका वेळीं एकच गोष्ट बदल."

आतां मूळ प्रश्न पाहूं. जें इंजिन हळू चालतांना निर्दोष वाटतें, तेंच वेगांत कां अडखळतें? पहिलें कारण इंधनाचें. कार्बोरेटरांत मंद गतीसाठीं एक बारीक वाट असते, आणि पूर्ण गतीसाठीं निराळें, मोठें छिद्र. तें मोठें छिद्र अर्धवट बुजलें तरी मंद गतीस कांहींच बाधा येत नाहीं. शिवाय वेगांत पेट्रोल पुष्कळ लागतें; गाळणींत कचरा असला, टाकीच्या झांकणांतील हवेचें भोंक बंद असलें, किंवा पंप दुबळा झाला, म्हणजे मागणीइतका पुरवठा होत नाहीं.

दुसरें कारण ठिणगीचें. दोन धावांचें इंजिन मिनिटास ५००० फेरे घेत असतां प्रत्येक सिलिंडरांत सेकंदास सुमारें ८३ ठिणग्या पडाव्या लागतात. त्यांतून पूर्ण वेगांत सिलिंडरांत मिश्रण अधिक भरतें, दाब वाढतो, आणि त्या दाबांतून उडी घेण्यास ठिणगीला अधिक विद्युद्दाब लागतो. म्हणून थकलेली कॉइल किंवा तडकलेला प्लग मंद गतीस निभावून नेतो आणि जोर पडतांच हार खातो. बाहेर काढलेल्या प्लगची ठिणगी मोकळ्या हवेंत दिसली म्हणजे ती आंतहि पडतेच, असें समजणें चुकीचें आहे.

या दोहोंतला भेद कानानें थोडाबहुत ओळखतां येतो. ठिणगीचा दोष बहुधा तुटक असतो. इंजिन एकाएकीं फटकन् थांबतें व पुन्हां पकडतें. इंधनाची उपासमार असली तर इंजिन कांहीं क्षण जोरानें पळतें, कार्बोरेटरच्या वाटींतील सांठा संपतो, आणि मग त्याचा दम हळूहळू ओसरतो. वेग कमी केला कीं वाटी भरते व तें पुन्हां ताळ्यावर येतें. इंजिनाचा आवाज मात्र वाढतो पण होडी पुढें जात नाहीं, असें असेल तर दोष पंख्याकडे शोधावा. त्याच्या मध्यभागींचें रबर सुटून तो घसरत असतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची बारीक धार मागें नीट पडते कीं नाहीं, हेंहि पाहावें. कांहीं इंजिनें तापलीं म्हणजे आपण होऊन वेग आवरतात.

आम्ही तलावावर गेलों. मीं त्यास टाकी व इंजिन यांच्यामधील नळीवर असलेला रबरी फुगा पाहावयास सांगितलें. सुरुवातीस पेट्रोल चढविण्यासाठीं जो हातानें दाबतात, तोच हा फुगा. होडी पूर्ण वेगांत सोडली. दहापंधरा सेकंदांत इंजिनाचा दम गेला, आणि फुगा चिंचेच्या शेंगेसारखा चपटा झालेला दिसला. पंप पेट्रोल ओढीत होता, पण मागून तें येत नव्हतें! अर्थात् दोष फुग्याच्या मागें, टाकीच्या बाजूस होता. नवी कॉइल आणि नवे प्लग यांचा या दुखण्याशीं कांहींएक संबंध नव्हता.

प्रथम टाकीचें झांकण सैल केलें. फरक पडला नाहीं. म्हणजे हवेचें भोंक निर्दोष. मग एका मच्छीमार बांधवाची चांगली टाकी तिच्या नळीसह जोडली. इंजिन एका लयींत चालूं लागलें. येथें थांबण्याचा मोह होतो. परंतु आम्ही आमची जुनी टाकी परत जोडली आणि नळी तेवढी त्याची ठेविली. तरीहि इंजिन उत्तम चाललें. गुन्हेगार सांपडला : आमची नळी. ती उभी चिरून पाहिली, तों आंतील पातळ अस्तर सुटून लोंबत होतें. मंद ओढ असतां तें भिंतीस चिकटून राही; जोराची ओढ लागतांच आडवें येऊन वाट अडवी. बाहेरून नळी अगदीं धडधाकट! अलीकडील पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या जातीच्या रबरी नळ्यांना तें मानवत नाहीं, शिवाय तें हवेंतील ओलावाहि ओढून घेतें. म्हणून जुन्या इंजिनाच्या नळ्या तपासाव्या, आणि महिनोगणती ठेवलेलें पेट्रोल वापरूं नये.

पण खरी कसोटी पुढेंच होती. योग्य जातीची नळी शहराहून येण्यास वेळ लागणार होता आणि समारंभ तोंडावर आला होता. कोणी म्हणालें, "हळूच एक फेरी मारा, कोणाला कळणार आहे?" माझ्या विद्यार्थ्यानें मान हलविली. तो म्हणाला, "पुरांत हळू जातां येत नाहीं." आणि त्यानें समारंभ दहा दिवस पुढें ढकलला. श्रोतेहो, चाळीस वर्षें शिकविल्याचें समाधान मला त्या एका वाक्यांत मिळालें. प्रवाहाविरुद्ध, होडींत म्हातारीं माणसें व लेंकरें असतांना, जी शक्ति लागते ती पूर्ण वेगाचीच. आणि तेथेंच हें इंजिन दगा देणार होतें. शिवाय दोन धावांच्या इंजिनांत वंगण पेट्रोलांतूनच जातें. पेट्रोल अपुरें म्हणजे वंगणहि अपुरें, आणि तशा स्थितींत जोर लावीत राहिल्यास दट्ट्या जळून इंजिन कायमचें निकामी होतें.

आपणांपैकीं बहुतेकांच्या घरीं होडी नसेल. पण स्कूटर असेल, शेतावर पंप असेल, वीज गेल्यावर लावावयाचें जनित्र असेल. त्यांची परीक्षा नुसतें सुरू करून घेऊं नका. ज्या भारासाठीं तीं ठेविलीं आहेत, तो भार घालून घ्या. आणि दोष दिसला तर एका वेळीं एकच वस्तु बदला, फरक वहींत टिपा, मग पुढें जा. धीर धरणारास दोष स्वतः आपला पत्ता सांगतो.

त्या पावसाळ्यांत होडीची गरज पडली नाहीं, ही देवाची कृपा. पण ती तयार होती.