दोन मजले, अर्धे बाक
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा गोषवारा)



"तू नेमकं करतोस काय?" हे सकाळपासून अनेकांनी विचारलं. शाळेच्याच भाषेत सांगतो.

गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकात इलेक्ट्रॉनांचे दोन पातळ थर एकावर एक असतात. निरपेक्ष शून्याजवळच्या थंडीत, प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की प्रत्येक थरात जणू ठराविक बाक तयार होतात. समजा, दोन्ही मजल्यांवर निम्मेच बाक भरलेत. आता मुलं कशी बसतील?

मजले दूर असतील तर प्रत्येक वर्ग आपल्यापुरता. तिथे जैनेंद्र जैन यांची १९८९ची कल्पना कामी येते: प्रत्येक इलेक्ट्रॉन दोन भोवरे सोबत घेऊन फिरतो आणि बाहेरचं क्षेत्र त्याला जाणवेनासं होतं. मजले जवळ आले की वरच्याला खालच्याची दखल घ्यावी लागते: वर बाक भरलेला, तर नेमका खालचा रिकामा. इलेक्ट्रॉन आणि समोरची रिकामी जागा यांची जोडी जमते आणि साऱ्या जोड्या एकदिलाने वागतात. या अवस्थेचं सूत्र बर्ट्रँड हाल्पेरिन यांनी १९८३मध्येच लिहिलं होतं. २००४च्या प्रयोगांत दोन थरांतून उलटसुलट प्रवाह सोडल्यावर हॉल विद्युतदाब जवळजवळ नाहीसा झाला. जोडीवर एकूण विद्युतभारच नसतो, मग चुंबक तिला ढकलणार कसा?

अडचण आहे ती मधल्या अंतरांची. दोन्ही टोकांची गणितं वेगळ्या भाषेत लिहिलेली आहेत. एक अवस्था अचानक मोडून दुसरी येते, की भोवरेवाले इलेक्ट्रॉन आधीपासूनच हळूहळू जोड्या जमवत असतात, यावर मतभेद आहेत. संगणकावर तंतोतंत सोडवायचं तर मोजकेच इलेक्ट्रॉन घेता येतात. खऱ्या नमुन्यात ते अब्जावधी असतात.

"उपयोग काय?" हाही प्रश्न आला. या जोड्यांचा आज तरी काही नाही. पण १९८०मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना एका थरात सापडलेला पुंज हॉल परिणाम आज जगभर विद्युतरोधाचं प्रमाण आहे: २५,८१२.८०७ ओहम.

गुरुजन हो, उत्तर पाठ करण्याआधी प्रश्न नीट मांडा, हे तुम्ही शिकवलंत. मी अजून तेच करतो आहे.