मंग काय जयं?

आजच्या बोलण्याला मी अहिराणीतले दोन प्रश्न सोबत आणले आहेत. एक, ‘काय वाची ऱ्हायना भो?’ (काय वाचतोयस, भाऊ?) आणि दुसरा, ‘मंग काय जयं?’ (मग काय झालं?) धुळे, नंदुरबार आणि जळगावची पश्चिम बाजू हा अहिराणीचा मुलूख. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली आहे. तिथे शब्द थोडे बदलतील, पण प्रश्न हेच राहतील. पहिला प्रश्न एक वाचक दुसऱ्या वाचकाला विचारतो. दुसरा, गोष्ट ऐकणारा गोष्ट सांगणाऱ्याला. रहस्यकथा आणि प्रेमकथा वाचणाऱ्यांची पंचाईत अशी, की त्यांना पहिल्याचे उत्तर द्यायचे असते ते दुसऱ्याचे उत्तर न देता. खुनी कोण हे सांगून टाकले तर समोरच्याचे पुस्तक वाया गेले. प्रेमकथेत तर शेवट सांगण्यात काही अर्थच नसतो, तो पहिल्या पानापासून सगळ्यांना ठाऊक असतो. मग बोलायचे कशाबद्दल? या पंचाइतीतून मराठीत एक समीक्षा जन्माला आली, बरीच वाढली आणि कधीच छापली गेली नाही, असे माझे म्हणणे आहे. ते मला खानदेशाच्या निमित्ताने मांडायचे आहे.

खानदेशच का, तर मराठी कादंबरीची फार कडक झडती ज्यांनी घेतली त्यांतल्या दोघांचे या मुलखाशी नाते आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९०२ मध्ये ‘कादंबरी’ नावाचा निबंध लिहिला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले ते धुळ्यात, आणि लगोलग १९२७ मध्ये तिथेच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. दुसरे भालचंद्र नेमाडे, यावल तालुक्यातल्या सांगवीचे. १९६३ च्या ‘कोसला’ने कादंबरी कशी लिहिता येते हे त्यांनी दाखवले आणि पुढे ‘टीकास्वयंवर’मध्ये ती बहुतेकांना कशी लिहिता आली नाही हेही सांगितले, या पुस्तकाला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. राजवाड्यांसमोर ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांची अद्भुताची परंपरा होती. त्यांच्याच काळात गो. ना. दातारशास्त्री इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना अस्सल मराठी वेश चढवत होते. नेमाड्यांसमोर फडके-खांडेकरांचा सगळा पसारा होता. दोघांनीही कादंबरीकडून नुसत्या रंजनापलीकडचे काही मागितले आणि ते मागणे रास्तच होते. पण दोघांचीही नजर लेखकावर होती. पुस्तक घेऊन घरी जाणारा माणूस त्या पुस्तकाबद्दल शेजाऱ्याशी काय बोलतो, हे समीक्षेच्या कामाचे असू शकते, असे आपल्याकडे फारसे कोणाला वाटले नाही.

तो माणूस भेटतो वाचनालयाच्या देवघेव विभागात. जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय, धुळ्याचे गरुड वाचनालय ही या भागातली जुनी, नावाजलेली ठिकाणे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अ, ब, क, ड असे दर्जे आणि त्याप्रमाणे अनुदान मिळू लागले, तशी तालुक्यांत आणि मोठ्या गावांतही वाचनालये पसरली. अनुदानाच्या याद्यांत संदर्भग्रंथ येतात, संतवाङ्मय येते, चरित्रे येतात. वर्गणीदार मात्र येतो तो कादंबरीसाठी. कोणत्याही जुन्या वाचनालयात पुस्तकांचे कणे पाहा. इतिहासाच्या साधनांचे खंड ताठ उभे असतात आणि बाबुराव अर्नाळकरांना तिसऱ्यांदा बाइंडिंग झालेले असते. पहिला फर्मा गायब, मधली चार पाने सुटलेली, कव्हरच्या जागी खाकी पुठ्ठा. ही झीज हाही पुरावाच आहे, आणि शिरगणतीच्या आकड्यापेक्षा तो मला जास्त बोलका वाटतो.

अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६). धनंजय आणि छोटू, झुंजार, काळापहाड यांना घेऊन त्यांनी हजारावर पुस्तके लिहिली. पुढे गुरुनाथ नाईकांनीही त्याच वेगाने लिहिले. सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी असे चार नायक चार वेगळ्या चालींचे केले, आणि नारायण धारपांनी भुताखेतांच्या वाटेवर समर्थांना उभे केले. खानदेशात याला आणखी एक पदर आहे. भुसावळ हे मोठे जंक्शन, जळगावहून सुरतेकडे फाटा जातो, बुऱ्हाणपूर हाकेच्या अंतरावर. या भागाच्या कानाला मराठीइतकीच हिंदी सवयीची, आणि उर्दू वाचणारी वस्तीही इथे जुनी. गुलशन नंदा, सुरेंद्र मोहन पाठक, वेदप्रकाश शर्मा ही हिंदी पॉकेटबुकांतली नावे आणि इब्ने सफींची उर्दूतली जासूसी दुनिया अशा वाचकाला परकी नाहीत. ज्याच्या हाताशी दोन-तीन भाषांतल्या हेरकथा आहेत, तो आपोआप तुलना करतो. ‘पाठकचा सुनील धावतो कमी, विचार जास्त करतो’ हे वाक्य एखाद्या शोधनिबंधात आले तर त्याला निरीक्षण म्हणतील. वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलापाशी आले तर गप्पा.

आता त्या गप्पांचा घाट पाहा. शेवट सांगायचा नाही, ही अट दोन्ही बाजूंना मान्य असते. म्हणजे कथानकाचा निम्मा भाग बोलण्यातून बाद. उरते काय? ‘पहिली तीस पानं सोस, मग सुटतं.’ ही गतीबद्दलची टीका झाली. ‘पुराव्याची चिठ्ठी सापडली, पण तीत काय लिहिलंय ते लेखकानं आपल्याला दाखवलंच नाही.’ ही प्रामाणिकपणाबद्दलची. ‘शेवटच्या प्रकरणात नवाच माणूस आणून उभा केला.’ हा तर आरोपच. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने, जो स्वतः हेरकथा लिहायचा, रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे आणि हेराला सापडलेला धागा वाचकालाही दिसला पाहिजे, हे त्यांतले मुख्य. नॉक्सचे नावही न ऐकलेला वाचक हेच दोन नियम लावून पुस्तक नापास करतो. याचे कारण साधे आहे: काय घडले हे सांगण्याची मनाई झाली की कसे घडवले यावर बोलणे भाग पडते. छापील परीक्षणांत नेमके उलटे घडते. तिथे अशी मनाई नसल्याने परीक्षक दोन पाने कथानक सांगतो आणि शेवटच्या परिच्छेदात ‘ओघवती भाषा’ म्हणून सुटतो. (आमच्या दिवाळी अंकांतली परीक्षणे याला अपवाद आहेत असे म्हणायचा मोह मी टाळतो.)

‘मंग काय जयं?’ हा प्रश्न हलका मानण्याची आपल्याला सवय लागली आहे, पण तो फक्त हेरकथेचा नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत, एकूण बेचाळीस. श्याम रोज रात्री सांगतो, ऐकणारे दुसऱ्या रात्रीची वाट पाहतात. संस्काराचे पुस्तक म्हणून ज्याकडे बोट दाखवले जाते, त्याचा सांगाडा उत्कंठेवरच उभा आहे.

प्रेमकथेची गोष्ट जास्त अवघड, कारण तिथे लाजही आडवी येते. मराठीत प्रेमकथा उघडपणे वाचण्याचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काकोडकरांना मोकळे केले. लैंगिक उल्लेख दिसला की पुस्तक बाद असे ठरवले, तर तरुणांच्या हाती धार्मिक ग्रंथांखेरीज काही उरणार नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. आणि जाता जाता, कथा फार उच्च दर्जाची नसेल, लेखकाची अपरिपक्वताही तीत दिसत असेल, असा शेराही न्यायमूर्तींनी मारून ठेवला. मराठी रंजक वाङ्मयाची इतक्या वरच्या पातळीवर झालेली ही समीक्षा असावी! त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वरून निघालेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट देशभर चालला. याच सुमाराच्या दशकांत सुमती क्षेत्रमाडे, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, स्नेहलता दसनूरकर यांच्या कादंबऱ्या स्त्रिया दुपारच्या निवांत तासाला वाचत होत्या आणि एकमेकींकडे पोहोचवत होत्या. वाचनालयात नवऱ्याच्या नावे कार्ड, पुस्तक आणायला मुलगा, आणि कोणते आणायचे हे ठरलेले शेजारणीशी बोलून. या बोलण्यातही शेवट नसतोच, कारण लग्न होणार हे नक्की. प्रश्न असा, की नायिकेला मध्ये किती सोसायला लावले आहे आणि ते सोसणे पटते का. ‘इतकं बोलल्यावर ती त्याच्याकडे परत कशी गेली?’ या एका वाक्यात पात्ररचनेचा आणि नीतीचा असे दोन्ही प्रश्न आहेत.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. प्रेमकथा स्त्रीला शेवटी चौकटीतच आणून बसवते. मग ती वाचणाऱ्यांच्या बोलण्याचे कौतुक कशाला? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. अमेरिकेत जॅनिस रॅडवे या अभ्यासिकेने १९८४ च्या आपल्या पुस्तकात एका शहरातल्या प्रेमकथा-वाचक स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्या स्त्रिया पुस्तकाच्या दुकानातल्या एका जाणत्या विक्रेतीला विचारून पुस्तके निवडत. कथा त्यांना चौकटीत बसवते हे रॅडवेंना दिसले. पण वाचनाचा तेवढा वेळ त्या घराकडून आपल्यासाठी हिसकावून घेतात, आणि नायिकेला वाईट वागवणारा नायक असलेली पुस्तके सरळ नाकारतात, हेही दिसले. माझा मुद्दा या दुसऱ्या अर्ध्या भागाशी आहे. कादंबरी एकटीने वाचली तर ती काय मनात भरवते ते नकळत भरते. तिच्यावर दोघी बोलल्या की नायिकेच्या निर्णयाची उलटतपासणी सुरू होते, आणि लेखिकेने आधीच ठरवून टाकलेला निकाल पुन्हा उघडा होतो.

दुसरा आक्षेप संख्येचा. माणूस हजार पुस्तके लिहितो म्हणजे बहुतेक सुमारच असणार. बरोबर, आहेतच. पण समीक्षेची गरज कुठे जास्त असते? वर्षाला चार पुस्तके येतात तिथे निवडीचा प्रश्न नसतो; महिन्याला चाळीस येतात तिथे वाचकाला कुणाला तरी विचारावेच लागते. या विचारण्याचा निकाल कसा लागतो याचे ठळक उदाहरण शिरवळकरांचेच आहे. ‘दुनियादारी’ १९८२ ची. ती कॉलेजच्या पोरांत, होस्टेलच्या खोल्यांत एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिली. २००३ मध्ये शिरवळकर गेले. २०१३ मध्ये चित्रपट आला तेव्हा एकतीस वर्षांची कादंबरी नव्या पिढीला अनोळखी नव्हती. पाठ्यपुस्तक, पुरस्कार यांचा जो आधार एखाद्या कादंबरीला जिवंत ठेवतो, त्यातले तिच्या वाट्याला फारसे काही नव्हते. होते ते ‘तू अजून वाचली नाहीस?’ एवढेच.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो मला सर्वांत जड वाटतो. या तोंडी समीक्षेला काही गोष्टी दिसतच नाहीत. गती दिसते, फसवणूक दिसते, पात्राचा बनाव दिसतो. पण खलनायक पुन्हा पुन्हा कुठल्या वस्तीतला, कुठल्या नावाचा, कुठल्या रंगाचा असतो, हे टेबलापाशी कोणी क्वचितच विचारते. भाषेबद्दलही हीच गत. नेमाड्यांसारख्या समीक्षकाचे काम इथे सुरू होते आणि ते टेबलापाशी होणारे नाही. शिवाय तोंडी बोलणे हवेत विरते. निरक्षर बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, जपल्या नसत्या तर १९५२ मध्ये छापायला काही उरले नसते. वाचकाच्या शेऱ्यांना असा सोपानदेव मिळालेला नाही. अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सनने १९४४ मध्ये हेरकथांच्या वाचकांची चांगलीच खिल्ली उडवली होती. ती वाचून चिडलेल्या वाचकांनी पत्रे तरी लिहिली. आमच्याकडचा वाचक अशा वेळी गप्प बसतो आणि पुढच्या वेळी पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घालतो.

आता परदेशातल्या तुमच्या मराठी मंडळांकडे वळतो. तुमच्या कपाटातली पुस्तके बहुधा सामानाच्या पेटीतून आली आहेत. वजनाची मर्यादा सांभाळून, म्हणजे निवडून. हृषीकेश गुप्ते आहेत, धारप आहेत, कुणाच्या आईने सोडून दिलेल्या कुसुम अभ्यंकर आहेत. नाही ते वाचनालयाचे टेबल, जिथे एक जण परत करतो आणि दुसरा नेतो आणि दोघे घटकाभर उभे राहतात. म्हणून एक सुचवतो. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चार कोरी पाने चिकटवा. नेणाऱ्याने परत करताना दोन ओळी लिहाव्यात, अहिराणीत, लेवा बोलीत, कोकणीत, जशा येतील तशा: कुठे थांबावेसे वाटले, कुठे लेखकाने फसवले, कोण खोटे वाटले. नाव घालायची सक्ती नको. आणि एखाद्या महाभागाने खुनी कोण ते लिहून ठेवलेच, तर ते पान फाडण्याचा अधिकार कपाटाची किल्ली सांभाळणाऱ्याला असावा.