नावापुढचा आकडा



1964 साली बुऱ्हाणपूरजवळच्या या फोपनार गावात बुद्धाच्या सात धातुमूर्ती सापडल्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांना हे गाव ठाऊक झालं. आज निसर्गाचे अभ्यासक इथे जमले आहेत, याचा आनंद आहे.

वर्षभरातल्या कामाचा आढावा घेणं हे संमेलनाध्यक्षाचं काम. तो लेखी दिला आहे, सवडीने वाचावा. मला आज दुसरंच बोलायचं आहे आणि ते बरीच वर्षं मनात साठलं आहे. आपण याद्या करतो, मोजत नाही.

एका स्मरणिकेला मी सातपुड्याच्या पायथ्याच्या पक्ष्यांचा तक्ता पाठवला होता. प्रत्येक नावापुढे किती दिसले तो आकडा. अंक हातात आला तेव्हा नावं होती, आकड्यांचा रकाना गाळलेला. विचारलं तर म्हणाले, "सर, जागा नव्हती. आणि लोक प्रजाती किती एवढंच विचारतात." लोक एवढंच विचारतात हे खरं आहे, आणि माझं दुखणं तेच आहे.

गिधाडांचं काय झालं ते आठवा. 1980च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड मेलेल्या ढोरावर झुंडीने उतरायचं. भरतपूरला पक्षीशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी ती मोजली, पुन्हा मोजली, म्हणून ऱ्हास लक्षात आला. पुढे रस्त्यांवरून देशभर गणना झाली. 1992 ते 2007 या काळात हजारातलं जेमतेम एक उरलं. जनावरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे कारण सापडलं आणि 2006 साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. आता सांगा, त्या पडझडीच्या काळात आपल्या याद्यांत काय होतं? 'गिधाड' हे नाव होतंच! शंभर दिसली तरी एक नाव, एक दिसलं तरी एक नाव. यादीच्या हिशेबी काहीच बिघडलं नव्हतं.

मोजलं की आणखी एक गोष्ट दिसते: कुठल्याही रानात, तळ्यात, मातीत थोड्या प्रजाती उदंड असतात आणि बहुतेक प्रजाती विरळ असतात. फुलपाखरांचे अभ्यासक कॉर्बेट यांनी मलायातली फुलपाखरं गोळा केली, तेव्हा 118 प्रजातींचं एकेकच फुलपाखरू मिळालं, 74 प्रजातींची दोन-दोन, 44 प्रजातींची तीन-तीन. 1943 साली संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्या आकड्यांवरून गणिती श्रेणी बसवली. सोबत होते विल्यम्स, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला दिव्याच्या सापळ्यात पतंग धरणारे. आकडे होते म्हणून गणित झालं. नुसत्या नावांतून फिशरलाही काही काढता आलं नसतं.

कालच्या परिसंवादात उदंड ते विरळ अशी ही आकड्यांची उतरण मांडायला फिशरचं सूत्र बरोबर, प्रेस्टनचं, की हबेल यांचा तटस्थ सिद्धान्त, यावर आपले प्राध्यापक हातघाईवर आले. त्यांना माझा अनुभव सांगतो. पहिल्या पावसानंतर मी केळीच्या बागेत पांढरा कपडा ताणून मागे दिवा लावायचो. एकाच जातीच्या तपकिरी बारक्या पतंगांनी कपडा भरून जायचा, दुसरं काही शोधावं लागे. तोच कपडा, तोच दिवा डोंगरात नेला की कुणा एकाचं राज्य नसे. एक हिरवा, एक भुरा, पंखावर डोळ्यासारखा ठिपका असलेला एखादाच, आणि बरेच असे की पुन्हा कधी दिसले नाहीत. माझ्या लेखी वाद तिथेच मिटला. सूत्र एक नसतं, जमिनीवर काय घडलं त्याप्रमाणे आकड्यांची उतरण बदलते. पण आधी कपड्यावरचे पतंग मोजा, मग भांडा.

रानपिंगळ्याचंही तेच. 1884 नंतर बेपत्ता झालेला हा पक्षी 1997 साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला, पुढे आपल्या खकनारच्या जंगलातही. तेव्हापासून कॅमेरे घेऊन लोक येतात, फोटो काढतात, जातात. सरडे आणि उंदीर हे त्याचं मुख्य खाणं. ते सरडे किती आहेत, मोजले कुणी? साधा पिंगळा गावागावातल्या चिंचेवर आहे, तो वाढतोय की घटतोय? नेपानगरचा कागद कारखाना सलई-बांबूच्या भरवशावर उभा राहिला, एवढी सलई होती. आज तुमच्या गावच्या डोंगरावर किती उरली? विपुल आहे त्याच्याकडे आपण बघतच नाही. मला याचा राग येतो, आणि वाईटही वाटतं.

आपल्या कापूसवाल्या शेतकऱ्याकडे बघा. कामगंध सापळ्याची पिशवी सोडून तो गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजतो. सलग तीन रात्री आठ-आठ आले की उपाय करायची वेळ झाली, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. अळी शेतात आहे एवढ्यावर त्याचं भागत नाही.

कामाची रूपरेषा पुढे कार्यकारिणी ठरवेल. तापी, मोहना, उतावळीच्या काठावर ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, दरवर्षी मोजणी व्हावी. शाळांनी चिमण्या आणि साळुंक्या घ्याव्यात, महाविद्यालयांनी झाडं. लोकजैवविविधता नोंदवह्यांतही संख्येचा अंदाज यावा. खर्च आणि माणसं यांबद्दल नंतर बोलू.

संयोजकांना मात्र आजच एक विनंती आहे. या संमेलनाच्या स्मरणिकेत आकड्यांशिवाय एकही यादी छापू नका. जागा कमी पडली तर माझं भाषण गाळा.