प्रश्नात दडलेला कौल



गुरुजी, तुम्ही धडा संपवता आणि विचारता, "समजलं ना?" सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, "हो!" तेच "कुठे अडलं?" असं विचारून पाहा. चार हात हळूच वर येतात. धडा तोच, मुलंही तीच. वर्गात याने फारसं बिघडत नाही. पण एखाद्या देशात असल्या उत्तरांवरून 'लोकांचं मत' ठरू लागलं म्हणजे? आज अशीच अमेरिकेतली हकीकत सांगायची आहे.

तिकडे जनमताचा अंदाज घेणाऱ्या संस्था आहेत. देशभरातून हजार-दीड हजार माणसं निवडायची, सर्वांना ठरलेल्या शब्दांत प्रश्न विचारायचे आणि उत्तरं मोजायची. शितावरून भाताची परीक्षा म्हणा ना. माणसं नीट निवडली तर ती परीक्षा पुष्कळशी खरी उतरते. गोम असते ती 'ठरलेल्या शब्दांत'.

सन १९६१. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या आणि गोऱ्या उतारूंना बसस्थानकांवर निरनिराळं बसवीत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या प्रवाशांपुरती ही रीत बेकायदा, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं होतं. पण ऐकतो कोण? म्हणून मे महिन्यात काही काळी आणि काही गोरी माणसं तिकिटं काढून एकाच बसमध्ये शेजारी-शेजारी बसली आणि दक्षिणेकडे निघाली. १४ मे रोजी अलाबामा राज्यात अ‍ॅनिस्टन गावाबाहेर जमावाने त्यांची बस पेटवून दिली. पुढे बर्मिंगहॅम शहरात त्यांच्या सोबत्यांना बेदम मारलं. या प्रवाशांना 'फ्रीडम रायडर्स' म्हणत.

थोड्याच दिवसांत गॅलप या संस्थेने विचारलं: हे 'फ्रीडम रायडर्स' जे करीत आहेत, ते तुम्हांला पसंत आहे का? ज्यांच्या कानावर ही गोष्ट गेली होती, त्यांपैकी शेकडा २२ जण 'पसंत' म्हणाले, ६१ जण 'नापसंत'. झालं! लोकांना हे नको आहे, असं म्हणायला आकडा मिळाला.

पण त्याच सुमारास त्याच संस्थेचा दुसरा एक प्रश्न होता. आगगाड्या, बसगाड्या आणि प्रतीक्षालयं यांतला वर्णभेद बंद झाला पाहिजे, असा न्यायालयाचा निकाल आहे. तो तुम्हांला पसंत आहे का? यावर सुमारे दोन-तृतीयांश लोक 'पसंत' म्हणाले!

आता सांगा, लोकांचं मत यातलं कोणतं? मला वाटतं, दोन्ही. खोटं कोणीच बोललं नाही. पहिला प्रश्न ऐकताच जळती बस, दंगल, 'उगाच खोड काढणारी पोरं' डोळ्यांपुढे आली. दुसऱ्याने न्यायासनाचा मान आठवला. जे प्रवासी मार खात होते, ते मागत होते तो हक्क एकच. सरकारने नुसता तो ६१ चा आकडा प्रमाण मानला असता, तर? तसं झालं नाही. आंतरराज्य वाहतुकीच्या आयोगाचा हुकूम निघाला आणि १ नोव्हेंबर १९६१ पासून स्थानकांवरच्या 'गोऱ्यांसाठी', 'काळ्यांसाठी' या पाट्या उतरवाव्या लागल्या.

ही जुनी गोष्ट झाली म्हणाल, तर २००३ साल घ्या. अल्पसंख्य वर्णांच्या लोकांना पुढे आणण्यासाठी खास योजना असाव्यात का, या प्रश्नाला अमेरिकेत शेकडा ४९ अनुकूल, ४३ प्रतिकूल. मग विचारलं, महाविद्यालयात प्रवेश केवळ गुणवत्तेवर द्यावा, की वर्ण-वंशही लक्षात घ्यावा? ६९ जण गुणवत्तेकडे वळले. 'गुणवत्ता' या शब्दाला नाही म्हणणार कोण!

आणखी एक प्रश्न १९४४ पासूनचा. नोकरीत काळ्यांना गोऱ्यांइतकीच संधी मिळावी, की गोऱ्यांना आधी मिळावी? तेव्हा समान संधी म्हणणारे निम्म्याहून कमी होते. १९७२ साली शेकडा ९७ झाले. पुढे तो विचारायचंच सोडून दिलं, कारण उत्तर सर्वांना पाठ झालं होतं. मात्र काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळतो की नाही, हे सरकारने स्वतः लक्ष घालून पाहावं का, असं विचारलं, की 'हो' म्हणणारे निम्मेदेखील भरत नसत. आणि एकच शाळा असावी का, या नुसत्या प्रश्नाला तीच माणसं केव्हाच 'हो' म्हणून बसली होती.