अन्य भाषांचे दान

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंनी वसविलेल्या मुक्ती सदनात 1905 साली जे धर्मजागरण झाले, आणि पुढल्या वर्षी प्रार्थनेच्या ऐन भरात काही मुलींच्या मुखातून त्यांना स्वतःलाच अपरिचित असे उच्चार उमटू लागले, त्यामुळे ख्रिस्ती जगतातील एक जुना वाद महाराष्ट्राच्या दाराशी आला.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी प्रेषितांना लाभलेले अन्य भाषांचे दान आजही चालू आहे काय, हा तो वाद. प्रिन्स्टनच्या बेंजामिन वॉरफील्ड यांनी 1918 च्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, ही दाने प्रेषितांच्या अधिकाराची सनद होती व त्यांच्याबरोबरच ती लोप पावली. उलटपक्षी, 1906 साली लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील विल्यम सीमोर यांच्या सभांतून फैलावलेल्या पेन्टेकॉस्टल पंथाचे म्हणणे असे की, पौलाने करिंथकरांस लिहिताना ज्या पूर्णत्वाच्या आगमनाने भाषा संपतील असे सांगितले, ते ख्रिस्ताच्या पुनरागमनाखेरीज येणारच नाही. त्याच पत्रात पौल अन्य भाषांना मनाई करीत नाही, मात्र अर्थ सांगणारा नसेल तर मंडळीत मौन पाळण्याचा दंडक घालतो.

रमाबाईंनी या दानाचा अधिक्षेप केला नाही. तथापि पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याचे तेच एकमेव प्रमाण, हा आग्रहही त्यांनी धरला नाही, आणि ही भूमिका मला फार मोलाची वाटते. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी केडगावची हकिगत सांगणारी पुस्तिका चिलीतील वाल्पाराइसो येथे मेथडिस्ट धर्मोपदेशक विलिस हूवर यांच्या घरी धाडली. 1909 मध्ये तेथेही जागरण झाले.