आदेश आणि आकलन
कार्यालयप्रमुखांसाठी संवाद व नेतृत्व या विषयावरील व्याख्यान



आलेले टपाल आवक बारनिशीत नोंदले जाते, त्यावर शेरा पडतो, टिप्पणी वर जाते व खाली येते, मसुद्यास मान्यता मिळते आणि जावक क्रमांक पडून पत्र बाहेर पडते. एवढे झाले म्हणजे काम झाले, असा समज बहुतेक कार्यालयांत आढळतो. वस्तुतः त्या क्षणी कामाचा केवळ आरंभ झालेला असतो. ते पत्र ज्याच्या हाती पडेल त्यास त्याचा अर्थ कळला काय, कळलेला अर्थ पटला काय आणि पटलेली गोष्ट करण्याचे साधन त्याच्यापाशी आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तरच आदेश सार्थकी लागतो. आदेश देणे हा अधिकाराचा भाग आहे. आकलन घडविणे हा नेतृत्वाचा भाग आहे. या दोहोंतील अंतर कमी करणे हेच कार्यालयप्रमुखाचे खरे कौशल्य होय.

हे कौशल्य परदेशातून आयात करावे लागते, अशी एक समजूत आहे. परंतु त्याचा एक उत्तम नमुना महाराष्ट्राच्याच इतिहासात उपलब्ध आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण येथील छावणीतील लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. त्यात रयतेस उपद्रव देऊ नका एवढीच आज्ञा केलेली नाही. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आताच उधळली तर पुढे काय होईल, घोडी कशी मरतील, मग शिपाई कुणब्याच्या घरातील धान्य, भाजी, लाकूडफाटा कसा हिसकावू लागतील आणि त्रासलेली रयत मोगलांपेक्षाही या लष्कराला अधिक वाईट कसे मानील, ही सारी साखळी त्यात कडीकडीने उलगडून दाखविलेली आहे. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. ज्याचा शब्द अंतिम होता त्या राज्यकर्त्याने हाताखालच्या माणसांना कारण सांगण्यात कमीपणा मानला नाही. कारण कळलेला मनुष्य आदेशात न लिहिलेल्या प्रसंगीही योग्य तेच करतो. कारण न कळलेला मनुष्य आदेशाच्या अक्षरापुरताच बांधलेला राहतो.

कारण सांगण्याची ही रीत आज केवळ सौजन्याची बाब राहिलेली नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ अन्वये प्रशासकीय निर्णयाची कारणे संबंधित व्यक्तींना कळविणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविण्यात आले आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ यानुसार अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारावयाचा झाल्यास त्याची कारणे लेखी द्यावी लागतात. तथापि जो प्रमुख आपल्या लिपिकाला कधी कारण सांगत नाही, त्याच्या कार्यालयातील लिपिक खिडकीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कारण सांगेल, अशी अपेक्षा कशी करावी? कार्यालयात वरून खाली जे बोलणे वाहते, तेच शेवटी जनतेपर्यंत पोहोचते.

व्यवस्था आणि संवाद यांचा संबंध किती निकटचा आहे, हे त्या वेळच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एका प्रयोगाने दाखवून दिले. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तेथील जिल्हाधिकारी श्री. अनिलकुमार लखिना यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या कामकाजाची फेरमांडणी केली. वर्षानुवर्षे साचलेल्या कागदांचे वर्गीकरण झाले; प्रत्येक टेबलावरील प्रकरणांची विभागणी ठरली. हाताळणीत असलेली प्रकरणे, अन्य कार्यालयाच्या उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि मुदत संपल्यावर नष्ट करावयाचे कागद, अशा सहा गठ्ठ्यांची ही पद्धत पुढे राज्यभर परिचित झाली.

वरवर पाहता ही दप्तर नीटनेटके ठेवण्याची युक्ती वाटेल. परंतु तिचा खरा लाभ प्रमुख व कर्मचारी यांच्या बोलण्यास होतो. कागदांचा एकच ढीग असलेल्या टेबलासमोर उभा राहून प्रमुख फक्त 'काम का झाले नाही?' एवढेच विचारू शकतो आणि त्याला उत्तरही 'करतो साहेब' एवढेच मिळते. गठ्ठे वेगळे असले म्हणजे प्रश्न नेमका होतो. प्रतीक्षेतील गठ्ठा फुगलेला दिसला, तर दोष त्या लिपिकाचा नसून उत्तर न देणाऱ्या दुसऱ्या कार्यालयाचा आहे, हे ध्यानात येते. मग तेथे दूरध्वनी करणे हे प्रमुखाचे काम ठरते. हाताळणीतील गठ्ठा वाढलेला असेल, तर कामाचा बोजा अधिक आहे की नियमाची माहिती कमी आहे, हे विचारता येते. याप्रमाणे दप्तर तपासणी ही झाडाझडती न राहता मार्गदर्शनाची बैठक होऊ शकते. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या व विलंबास प्रतिबंध यांविषयीच्या २००५ च्या राज्य अधिनियमाने कोणतीही फाइल सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ एका कर्मचाऱ्याकडे प्रलंबित राहू नये, असे बंधन घातले आहे. हे बंधन केवळ धाकाने पाळले जात नाही. अडचण वेळीच सांगण्याचे धैर्य ज्या कार्यालयात कर्मचाऱ्याला असते, तेथेच ते पाळले जाते.

येथे नेतृत्वाच्या दुसऱ्या अंगाकडे, म्हणजे ऐकण्याकडे, वळणे आवश्यक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीच्या भिंती आणि मातीची जड माळवदे अंगावर कोसळून मृत्युमुखी पडली. अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. परंतु त्याहून कितीतरी अधिक गावांत जुनीच घरे दुरुस्त व मजबूत करावयाची होती. अभियंत्यांजवळ शास्त्र होते. छताचे वजन कमी करावे, भिंतीच्या दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड बसवावेत, कोपरे व भिंती पट्ट्यांनी बांधून घ्याव्यात, म्हणजे तेच घर पुष्कळ सुरक्षित होते, हे त्यांना ठाऊक होते. पण ज्या कुटुंबाने दगडी भिंतीखाली आपले माणूस गमावले, त्याला दगडी भिंतीवर पुन्हा विश्वास ठेवण्यास सांगावयाचे होते. हे काम परिपत्रकाचे नव्हते.

या कार्यक्रमात शेकडो गावांमध्ये गावातल्याच स्त्रियांची 'संवाद सहायक' म्हणून योजना करण्यात आली. त्या घरोघर जात, शंका ऐकून घेत, अनुदान व बांधकामाची माहिती देत आणि लोकांचे म्हणणे अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवीत. घरात दिवसभर वावरणाऱ्या स्त्रीला त्या घराची तडा गेलेली भिंत जितकी ठाऊक असते, तितकी ती नकाशावरून कळत नाही. तांत्रिक ज्ञान वरून खाली आणि अनुभव खालून वर, असा दुहेरी प्रवाह चालू झाला म्हणजेच संवाद घडतो. एरवी जे घडते ते केवळ निवेदन होय. या अनुभवाचे मोल आपत्तीपुरते नाही. मुख्याध्यापकाने शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांना प्रथम बोलू द्यावे, सरपंचाने ग्रामसभेत ठराव वाचण्यापूर्वी प्रश्न विचारण्यास वेळ द्यावा, कार्यालयप्रमुखाने आठवड्याच्या बैठकीत सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याचे मत आधी घ्यावे. ज्येष्ठाचे मत आधी आले की कनिष्ठांची मते त्याच्या मागे उभी राहतात आणि बैठकीचा उपयोग संपतो.

तिसरे अंग भाषेचे. महाराष्ट्र राज्याची स्थापना होताच १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पुढे पदनाम कोश, शासन व्यवहार कोश यांसारखी साधने सिद्ध झाली. राज्यकारभार लोकांच्या भाषेत चालावा हा त्यामागील हेतू होता. तो हेतू केवळ लिपी मराठी असल्याने सफल होत नाही. 'सदर प्रकरणी त्रुटींची पूर्तता विहित मुदतीत न केल्यास प्रकरण निकाली काढण्यात येईल' असे पत्र हाती पडलेला वारसदार ते घेऊन गावात चार जणांकडे फिरतो आणि शेवटी तालुक्याला येऊन विचारतो. त्याचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, लिपिकाचाही वेळ जातो. त्याऐवजी 'सातबाराचा चालू उतारा व वारसांचे प्रतिज्ञापत्र या महिन्याच्या २० तारखेपर्यंत आणून द्यावे. न दिल्यास अर्ज बंद होईल' असे लिहिले तर दोघांचाही त्रास वाचतो. कोणी, काय, कोठे व केव्हापर्यंत करावे हे ज्या पत्रात एका वाचनात सापडत नाही, त्या पत्रावर प्रमुखाने स्वाक्षरी करू नये, एवढा एक नेम पाळला तरी पुष्कळ साधेल.

अखेरीस शब्दांच्या वजनाविषयी. प्रमुखाचा शब्द कर्मचाऱ्याच्या मनात दीर्घकाळ राहतो, म्हणून चूक दाखवावयाची ती एकांतात आणि चांगल्या कामाची नोंद घ्यावयाची ती चारचौघांत. चूक दाखवितानाही व्यक्तीवर बोट न ठेवता कामावर ठेवावे. 'तुम्ही निष्काळजी आहात' या वाक्याने मनुष्य दुखावतो व पुढची चूक लपवितो. 'या नोंदीत गट क्रमांक राहून गेला आहे, त्यामुळे खातेदाराला कर्ज मिळणार नाही' या वाक्याने तो सावध होतो. लपविलेली चूक ही कार्यालयातील सर्वांत महाग वस्तू आहे. तिची किंमत बहुधा दाराबाहेर ताटकळणारा नागरिक मोजतो. याचा अर्थ शिस्तीत सैलपणा यावा असा नव्हे. हेतुपुरस्सर टाळाटाळीवर कारवाई झालीच पाहिजे. किंबहुना नियम आधी स्पष्ट सांगितलेले असले तरच ती कारवाई न्याय्य ठरते.

खुर्चीबरोबर अधिकार येतो आणि बदलीच्या आदेशाबरोबर जातो. नेतृत्वाचे तसे नाही. प्रमुख बदलून गेल्यावरही ज्या कार्यालयात लिपिक आलेल्या वृद्धेला बसावयास सांगून तिचा कागद कोठे अडला हे समजावून देतो, त्या कार्यालयात नेतृत्व मागे उरलेले असते. अशी कार्यालये, अशा शाळा व अशा पंचायती जितक्या वाढतील, तितके लोकशाहीचे राज्य सामान्य माणसाला आपले वाटू लागेल.