मिळून रांधलेलं

(मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या आदल्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



उद्या महाप्रसाद आहे आणि यंदाही आपण आचारी सांगितलेला नाही. मध्यंतरी काही वर्षं आपण कंत्राट देत होतो. जेवण वेळेवर यायचं, चवही बरी असायची. पण माणसं यायची, जेवायची आणि हात धुऊन निघून जायची. तारिहाळमध्ये इतकी वर्षं शेजारी राहूनही कुणाच्या घरी काय चाललंय, हे आपल्याला कळेनासं झालं होतं.

म्हणून आपण पुन्हा स्वतः रांधायचं ठरवलं. पहिल्या वर्षी फजिती झाली. आमटीत दोघींनी मीठ घातलं आणि ऐनवेळी आणखी डाळ शिजवावी लागली. तेव्हापासून मीठ एकाच हातानं पडतं, हा आपला नियम आहे. आम्ही पुरुष मंडळी कचेरीत आणि कारखान्यात दिवस काढणारी. आमच्याजवळ डिप्लोमा आहे, पण कणीक भिजवता येत नव्हती. आता येते. पोळी गोल होत नाही, एवढंच.

आपल्यातल्या एक आजी एकट्या राहतात, मुलं परगावी. “एकटीसाठी काय शिजवायचं?” म्हणून त्या चहा-पोहे खाऊन दिवस काढत होत्या. मसालेभाताचं प्रमाण मात्र त्यांनाच माहीत. पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर बसून नुसत्या सांगत होत्या, दुसऱ्या वर्षी पदर खोचून उभ्या राहिल्या. आता त्यांच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी डबा घेऊन जातं, नाहीतर त्याच कुणाला तरी जेवायला बोलावतात.

शेजारच्या कन्नड भगिनीही आपल्याबरोबर बसतात. आपली कोशिंबीर त्यांची कोसंबरी, आपली पुरणपोळी त्यांची होळिगे, कटाची आमटी म्हणजे कट्टिन सारु. भाजी चिरता चिरता आपल्या नव्या सुना कन्नड शिकल्या, तेवढ्या वर्गात बसून शिकल्या नसत्या.

मिळून रांधणं आपल्याला नवं नाही. वारीतल्या दिंड्यांचा स्वयंपाक, गोपाळकाला, शिखांचा लंगर आणि आपल्या हुबळीच्या सिद्धारूढ मठातला दासोह आपल्याला ठाऊक आहेच. मुंबईचं एक उदाहरण मात्र मुद्दाम सांगतो. गिरणगावात, घरापासून दूर राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. प्रत्येकजण आपल्या खोलीत राबायची, उधारीवर किराणा भरायची आणि सावकाराच्या व्याजाखाली दबायची. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना एकत्र आणलं. एकटीला दारात उभं न करणाऱ्या बँका गटाला कर्ज देऊ लागल्या. पुढे मंडळानं एकत्र स्वयंपाकाचं कामही उभं केलं. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. स्वयंपाक त्या बायका आधीही करतच होत्या, पण एकत्र आल्यावर त्यांच्या कष्टाला पत आली.

आपली गरज त्यांच्याइतकी मोठी नाही, पण एकटेपण आपल्याही घरात आहे. मुलं शिकायला बाहेर गेली आहेत, निवृत्त माणसं टीव्हीसमोर बसून आहेत. म्हणून आमची एक विनंती आहे. हे वर्षातून एकदाच नको. महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या खोलीत वीस-पंचवीस पानांचा साधा स्वयंपाक करू या. पिठलं-भाकरी चालेल. शिधा प्रत्येकानं थोडा थोडा आणावा. ज्येष्ठांनी प्रमाण सांगावं, तरुणांनी जड पातेली उचलावीत, मुलांनी पानं मांडावीत. भांडी पुरुषांनी घासावीत, हे आम्ही आधीच कबूल करतो. आणि ज्यांना येणं जमणार नाही, त्यांच्या घरी डबा पोचवावा.

उद्या सकाळी सहाला पातेली चढतील. येताना विळी किंवा सुरी आणा. नारळ खवायला माणसं कमी आहेत!

गणपती बाप्पा मोरया!